मान डोलावण्याआधी टेप धरा

वाचकाचं पत्र : आमचं गावी घराचं काम सुरू आहे. २५ बाय ४०, एक मजली. यजमान नोकरीनिमित्त सुरतेला असतात, त्यामुळे साइट माझ्याच गळ्यात. काम चुलत दिरांकडे लेबर रेटवर दिलंय, माल आमचा. ब्रास, सूत, रनिंग फूट, कोबा, नीरू, डॅडो, मोल्डिंग असं काय काय रोज कानावर पडतं आणि मी नुसती मान डोलावते. आता प्लास्टरचं बिल आलंय, ५६ ब्रासचं. घर हजार फुटांचं, मग प्लास्टर एवढं कसं? आणि ब्रास तर वाळूचा असतो ना? विचारावं तर भाऊजींना वाटेल, वहिनींना संशय येतोय. न विचारावं तर यजमान फोनवर मलाच विचारतात. पुढे गच्चीचा कोबा, फरशी, ओटा, रंग सगळं बाकी आहे. या शब्दांचे अर्थ एकदा नीट सांगाल का?
– एक वाचक, कराड तालुका

ताई,

आधी बिलाचं बोलू. ५६चा आकडा ऐकून तुम्ही दचकलात हे साहजिक आहे, पण तेवढ्यावरून भाऊजींबद्दल मनात काही आणू नका. वाळूचा ब्रास वेगळा आणि प्लास्टरचा वेगळा. वाळू, खडी, डबर, मुरूम, नऊ इंची वीटकाम हे सगळं घनफुटात मोजतात आणि १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. प्लास्टर आणि फरशीला जाडी धरत नाहीत, नुसता पृष्ठभाग मोजतात. तिथे १०० चौरस फूट म्हणजे एक ब्रास. तेव्हा तुमचं बिल ५,६०० चौरस फुटांचं आहे.

हजार फुटांच्या घराला इतकं प्लास्टर लागतं का? तुमच्याच घरातली एखादी खोली घ्या. समजा ती १० बाय १२ची आहे आणि उंची १० फूट. चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, म्हणजे भिंतींचं प्लास्टर ४४० फूट. छताचं १२०. झाले ५६०. खाली जमीन मात्र १२० फूटच. जमिनीच्या साडेचार पटींहून जास्त प्लास्टर एका खोलीत गेलं आणि बाहेरच्या अंगाला अजून हातही लागलेला नाही. घराचा बाहेरचा घेर १३० फूट. जोत्याच्या बुडापासून कठड्याच्या डोक्यापर्यंत १५ फूट धरले तरी १,९५० फूट होतात, आणि कठड्याची आतली बाजू वेगळी. सगळं मिळून पाच ते सहा हजार फूट होणं अजिबात वावगं नाही.

मग बघायचं काय? वजावट. दारं-खिडक्यांच्या जागी प्लास्टर नसतं, पण त्यांच्या बगलांना, म्हणजे भिंतीच्या जाडीतल्या कडांना, ते करावं लागतं आणि त्याला वेळही जास्त जातो. म्हणून बरेच ठेकेदार सरळ सांगतात, ‘ओपनिंग वजा होणार नाही.’ सरकारी कामांत याची रीत ठरलेली आहे, भारतीय मानक १२०० मध्ये. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचा, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांपर्यंतचा झरोका वजा करत नाहीत. त्याहून मोठं पण ३ चौरस मीटरपर्यंतचं, म्हणजे ३२ चौरस फुटांच्या आसपासचं दार किंवा खिडकी असेल आणि भिंतीला दोन्ही अंगांनी सारखंच प्लास्टर असेल, तर एकाच बाजूची वजावट करतात. दुसऱ्या बाजूची सोडून देतात, ती बगलांच्या कामाबद्दल. त्याहूनही मोठं असेल तर दोन्ही बाजू वजा होतात आणि बगला वेगळ्या मोजतात. बाहेरचं प्लास्टर आतल्यापेक्षा वेगळं असतं, तिथे थोडा फरक पडतो, पण अंदाजाला एवढं पुरे.

तुमच्या घरात किती दारं आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. सात दारं आणि आठ खिडक्या आहेत असं धरतो. दार ३ बाय ७चं, म्हणजे २१ फूट, सातांचे १४७. खिडकी ४ बाय ४ची, १६ फूट, आठांचे १२८. एका बाजूची वजावट २७५ फूट, म्हणजे पावणेतीन ब्रास. भाऊजींनी ती केली नसेल तर तुमच्या दोघांमध्ये बोलण्याचा विषय एवढाच आहे. ५६ ब्रासचं ओझं घेऊन रात्रभर जागायचं कारण नाही. कामाआधी ‘वजा नाही’ असं ठरलं असेल तर तोही विषय संपला. काहीच ठरलं नसेल, तर मात्र वर सांगितलेली रीत पुढे ठेवून बोलायला तुम्हाला जागा आहे.

आणखी एक गोष्ट बिलात बघा. बाथरूम, संडास आणि ओट्यामागची भिंत इथे टाइल लागणार. भिंतीवरच्या या टाइलपट्ट्याला डॅडो म्हणतात. डॅडोच्या मागे प्लास्टर खरखरीतच ठेवायचं असतं, गुळगुळीत पृष्ठभागाला टाइल नीट धरत नाही. तेव्हा त्या भिंती नीरू फिनिशच्या दराने लावल्या असतील तर विचारा. नीरू म्हणजे प्लास्टरवरून फिरवलेला चुन्याचा पातळ, गुळगुळीत हात, म्हणजे थर. आणि रंगाच्या वेळी भिंतींना पुट्टी, म्हणजे भिंत गुळगुळीत करणारा लेप, करणार असाल तर नीरू कशाला? दोन्हींचे पैसे देण्यात काही अर्थ नाही. रंगाऱ्याशी आत्ताच बोलून एक काय ते ठरवा. प्लास्टर करणारे आणि रंगारी वेगवेगळे असले की हा खर्च हमखास दुबार होतो, कारण एकाला दुसऱ्याचं ठाऊक नसतं.

सगळ्या शब्दांचे अर्थ मागितलेत, ते मी मुद्दामच देत नाही. लिंटेल म्हणजे दार-खिडकीच्या डोक्यावरची आडवी तुळई, हे कळलं म्हणून तुमचा एक रुपया वाचणार नाही. लिंटेलवरून कुणी भांडत नाही. भांडणं होतात ती तुम्हाला आधीच ठाऊक असलेल्या शब्दांवरून : फूट, ब्रास, हात, ‘काम पूर्ण’. शब्द दोघांनाही माहीत असतो, पण तो कुठून सुरू होऊन कुठे संपतो हे दोघांच्या डोक्यात वेगळं असतं. म्हणून पुढे जी कामं बाकी आहेत, त्यांच्यापुरतं सांगतो.

वाळू अजून लागणार आहे, कोब्याला आणि फरशीखाली. ट्रॉली आली की ड्रायव्हर ‘एक ब्रास’ म्हणतो आणि पुढचा हौदा वर उचलतो. तो उचलण्याआधी टेप लावा. आतून लांबी, आतून रुंदी, आणि वाळूचा ढीग सारखा केल्यावरची उंची. समजा लांबी १० फूट, रुंदी ६ फूट आणि वाळू दीड फूट भरली. ९० घनफूट झाले, दहा कमी. मधला उंचवटा बघून फसू नका, कडांना वाळू कमी असते. दुसरं म्हणजे ओल. दमट वाळू फुगते, बारीक असेल तर पाव हिश्श्याच्या आसपासही फुगते, आणि माप भरल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात किंवा नुकतीच धुतलेली क्रश सँड घेताना हे ध्यानात ठेवा. वजनावर घेत असाल तर एक ब्रास कोरडी वाळू साधारण चार ते साडेचार टन भरते. ओल्या वाळूत पाण्याचंही वजन असतं, हे सांगायला नको.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिस्त्री ‘दोन सूत खाली घे’ म्हणतो तेव्हा पाव इंच. लोखंडातही हाच हिशोब चालतो : अडीच सूत म्हणजे ८ एमएमची सळई, तीन सूत १०ची, चार सूत १२ची, पाच सूत १६ची. तुमचं लोखंडकाम बहुतेक उरकलं असणार, पण पाण्याच्या टाकीचा स्लॅब किंवा कुंपणाचे कॉलम राहिले असतील तर एक साधा ताळा सांगतो. सळईच्या जाडीचा एमएममधला आकडा घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ने भागा. एका मीटरचं वजन किलोत येतं. १२ एमएमला १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलो. अख्खी सळई १२ मीटरची, तिचं वजन १०.७ किलोच्या आसपास यायला हवं. नग मोजा, गुणा आणि वजनकाट्याच्या पावतीशी ताडून बघा. किलो-दोन किलोंवरून हुज्जत घालू नका, कारखान्यातून येतानाच थोडा फरक असतो.

जोत्याचं आणि स्लॅबचं बिल देऊन झालं असेल, तर ते आता उकरू नका.

तुम्ही सगळ्यात जास्त जपायला हवा असा शब्द म्हणजे तुम्ही पत्रात सहज लिहून गेलेला ‘लेबर रेट’. माल आमचा, मजुरी त्यांची, एवढं सरळ ते नसतं. परांची कुणाची? तिचे बांबू आणि दोर भाड्याने आणायचे तर भाडं कुणी द्यायचं? वाळू चाळायला लावली तर ती बिगाऱ्याची हजेरी कुणाच्या खात्यात? टाइलचे बॉक्स गाडीतून उतरवून आत नेणं दरात आहे का? काम संपल्यावर राडारोडा कोण उचलणार? यातलं काहीही कुणाकडेही असू शकतं, आणि दोन्ही पद्धती रास्त आहेत. फक्त ते बोलून झालेलं हवं. आणि आज, हे वाचताक्षणी विचारायचा प्रश्न : नव्या प्लास्टरवर पाणी कोण मारतंय? किमान सात दिवस ते ओलं राहायला हवं, उन्हाळा असेल तर दिवसातून तीन-चार वेळा. लेबर रेटच्या कामात ठेकेदार समजतो मालक मारतील, मालक समजतात ठेकेदाराची माणसं मारतील, आणि भिंत कोरडीच. पुढे तिच्यावर केसासारख्या भेगा पडतात आणि मग सिमेंटच्या नावाने खडे फोडले जातात. स्पष्ट सांगायचं तर हे काम स्वतःकडे घ्या. घरचं माणूस पाणी मारतं तसं रोजंदारीवरचं मारत नाही.

आता गच्चीचा कोबा. विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून, वरून वॉटरप्रूफिंगचा थर आणि पाणी जायला उतार देऊन जो केला जातो, तो ब्रिकबॅट कोबा. सरासरी जाडी चार-साडेचार इंच असते, पाइपाच्या तोंडाशी कमी आणि लांबच्या कोपऱ्यात जास्त. उतार शंभराला एक धरला तर २० फुटांत जवळपास अडीच इंचांचा फरक पडतो. मोजणीत गोम अशी की, गच्चीची जमीन आणि कठड्याची भिंत जिथे मिळतात तिथे गोलाई करून थर फूटभर वर चढवावा लागतो. पाणी मुरतं ते बहुधा याच सांध्यातून. ही चढवलेली बाजू मापात धरायची की नाही? तुमच्या गच्चीचं आतलं माप २४ बाय ३९ धरलं तर सपाट भाग ९३६ फूट. कडेचा घेर १२६ फूट, फूटभर उंचीने आणखी १२६. एकूण १,०६२. माझं मत विचाराल तर ती बाजू मोजू द्यावी. दर थोडा ओढून धरा, पण ते फूटभर काम फुकटात करून घ्यायला जाऊ नका. जे मोजलं जात नाही ते घाईत उरकलं जातं, आणि गच्चीवर ते परवडणारं नाही. चायना मोझॅकचा, म्हणजे टाइलच्या तुकड्यांचा वरचा थर वेगळा ठरतो, तो याच दरात आहे असं गृहीत धरू नका. काम झाल्यावर पाइप बंद करून गच्चीत पाणी तुंबवा, किमान दोन दिवस ठेवा आणि खालच्या खोल्यांतलं छत बघा. ते कोरडं दिसेपर्यंत कोब्याचा शेवटचा हप्ता द्यायचा नाही, हे काम सुरू होण्याआधीच भाऊजींना सांगा. नंतर सांगितलं तर रुसवा होईल.

फरशीचं थोडक्यात. फरशी चौरस फुटाने, स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या पायथ्याची चार इंची पट्टी रनिंग फुटाने. रनिंग फूट म्हणजे रुंदी न बघता नुसती लांबी. टाइल मागवताना कापण्या-फुटण्यासाठी पाच ते दहा टक्के जास्त घ्या आणि ती एकाच बॅचची घ्या, नंतर तसाच रंग मिळत नाही. दोन-चार टाइल घरात राखून ठेवा.

रंगाच्या बाबतीत ‘हात’ मोजा. प्रायमरचा किती, पुट्टीचे किती, रंगाचे किती. ‘दोन हात’ म्हटल्यावर त्यात प्रायमरचा हात धरलाय का, हे विचारलंच पाहिजे. रंगारी बहुतेक ठिकाणी दारं-खिडक्या वजा करत नाहीत. त्यावर घासाघीस करण्यापेक्षा दारांच्या चौकटी आणि खिडक्यांच्या जाळ्या त्याच दरात रंगवून घ्या.

आता तुमची मूळ अडचण, जी शब्दांची नाहीच : भाऊजींना विचारायचं कसं. बिल हातात घेऊन विचारलंत की तो संशय वाटतो. कामाआधी विचारलंत की ती चौकशी असते. म्हणून प्लास्टरच्या बिलासाठी एक युक्ती करा. यजमानांना निमित्त करा. ‘भाऊजी, तुमच्या भावाला फोनवर खोलीवार आकडे लागतात, मला काही ते सांगता येत नाहीत. रविवारी जरा टेप धरता का, मी वहीत उतरवून घेते.’ एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला तुम्ही. लांबी, उंची, वजावट, असे रकाने पाडा आणि प्रत्येक खोलीचं पान वेगळं ठेवा. शेवटी दोघांच्या सह्या. नेटका ठेकेदार हे आनंदाने करतो, कारण सहीचं पान त्यालाही उपयोगी पडतं. उद्या यजमान सुट्टीवर येऊन ‘हे एवढं कसं?’ म्हणाले तर त्याच्याकडेही दाखवायला काहीतरी असतं. तोवर बिलातली अर्धीअधिक रक्कम देऊन टाका. मजुरांची हजेरी शनिवारी द्यावी लागते आणि त्यांचे पैसे अडकवून मोजणी करणं बरं दिसत नाही.

मिस्त्रींना तर बिनधास्त विचारा. तासभर परांचीवर उभ्या असलेल्या माणसाला ‘हे असं का करता?’ असं कुणी विचारलं की तो खुलतो. चहाच्या वेळी विचारलंत तर लिंटेल, छज्जा, गुण्या, ओळंबा सगळे अर्थ तुम्हाला त्यांच्याच तोंडून मिळतील, तेही भिंतीवर बोट ठेवून.

राहिला ओटा. तुम्ही लिहिलंय तसं तो अजून व्हायचा आहे, म्हणून हे सगळ्यात तातडीचं. ओटा रनिंग फुटाने ठरतो आणि सरळ असेल तर प्रश्नच नाही. पण कोपऱ्यातला एल आकाराचा असेल तर माप कुठल्या कडेने? एक बाजू भिंतीलगत ८ फूट, दुसरी ६ फूट, रुंदी २ फूट. भिंतीच्या कडेने मोजलं तर १४ फूट. तुम्ही स्वयंपाकाला उभ्या राहाल त्या पुढच्या कडेने मोजलं तर १० फूट. मधोमध मोजलं तर १२. एकच ओटा, तीन आकडे, आणि तिन्ही कडेने मोजणारे लोक आहेत. ग्रॅनाइट प्रत्यक्षात २४ चौरस फूट लागतो, म्हणजे २ फूट रुंदीने १२ रनिंग फूट; तोच आकडा न्याय्य. मोल्डिंग, म्हणजे ग्रॅनाइटची पुढची कड घासून गोल करणं, हे मात्र पुढच्या कडेनेच मोजायचं, १० फूट. ओट्याचं एक टोक उघडं असेल तर तिथले २ फूट त्यात मिळवा. कड जाड दिसावी म्हणून खालून दुसरी पट्टी चिकटवतात, तिचा दर वेगळा. सिंकसाठी भोक पाडण्याचे पैसे काहीजण वेगळे लावतात, काहीजण नाही. उभ्या कडप्प्यांचे, म्हणजे ओट्याखालच्या आधारांचे, नग ठरवून घ्या. आणि ओट्याची उंची तयार फरशीपासून धरा, आत्ताच्या जमिनीपासून नको, कारण खाली फरशी आणि तिच्या मालाचे मिळून दोन-अडीच इंच वाढणार आहेत. तुम्ही स्वतः मिस्त्रींसमोर उभ्या राहा, पोळी लाटताना हात कुठे येतो ते बघा आणि तिथे भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून घ्या. ग्रॅनाइट कापायला जाण्याआधी.